सगुणाबाईचं कपाळ

केदारखेड्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत सगुणाबाई अकरा वर्षांपासून खिचडी शिजवते. मुलं तिला मावशी म्हणतात. तिनं मात्र कुणाला कधी बाळ म्हटलेलं नाही. उष्टं टाकणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी शेवटी वाढते, आणि का ते सगळ्यांसमोर सांगते.

तिच्या कपाळावर हिरवं गोंदण आहे. एक उभी रेघ, दोन्ही बाजूंना दोन-दोन ठिपके. हनुवटीवर आणखी तीन. ती नऊ वर्षांची असताना आईनं तिचं डोकं गुडघ्यांत दाबून धरलं आणि गोंदणारीनं सुई चालवली. पुढं नवरा गेला. त्या दिवशी भावकीतल्या बायांनी कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मणी तोडले. एकीनं ओल्या पदरानं कपाळ घासघास घासलं. रेघ हलली नाही. तेवढंच त्यांच्या हाती लागलं नाही, असं ती म्हणते.

यंदा सातवीच्या वर्गावर मुकुल सर आले. जालन्याहून मोटारसायकलवर येतात. त्यांनी मुलांना टॅबवर फोटो काढायला, ते सुधारायला आणि वर्गाच्या अल्बममध्ये टाकायला शिकवलं. अल्बम गावातल्या सगळ्या मोबाइलांवर उघडत होता. विषय होता आपल्या गावातली माणसं. वर्गातल्या अंतरा नावाच्या मुलीनं खिचडी ढवळणाऱ्या सगुणाबाईचा फोटो काढला आणि डाग घालवायचा ब्रश तिच्या तोंडावरून फिरवला. सुरकुत्या राहिल्या. गोंदण गेलं. सरांनी शाबासकी दिली आणि तोच फोटो जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवला. परतूरला राहणाऱ्या कल्याणनं, सगुणाबाईच्या मुलानं, तो स्टेटसला ठेवला आणि आईला फोन केला. माय, किती साफ दिसून राह्यली, म्हणाला.

कसली साफ, हे तिला कळेना. ती वर्गात गेली. अंतरानं आनंदानं टॅब पुढं केला.

"मावशी, तुमचे सगळे डाग काढले मी."

सगुणाबाईनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "परत घाल."

पोरीनं सरांकडं पाहिलं. टॅबमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फोटो त्यांनीच काढून टाकला होता. आता तो कुठंच नव्हता. हा तरी सगळीकडून काढा, असं सगुणाबाई म्हणाली. लोकांनी आपापल्या मोबाइलवर उतरवून घेतला की तो कुणाच्या हातात राहत नाही, हे सरांनी तिला समजावलं, जसं पाचवीच्या पोराला समजावतात. वर हसून म्हणाले, बाया यासाठी पार्लरात जातात.

"माहा नवरा मेला, तवाबी इतकं साफ कुणी पुसलं न्हवतं, सर."

अंतरानं टॅब पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सगुणाबाई हनुवटीपर्यंत पदर ओढून वाढू लागली. रोज दुपारी वाढप चालू असतानाचा फोटो वरच्या ऑफिसला मंजुरीसाठी पाठवावा लागतो आणि त्यात स्वयंपाकिणीचा चेहरा दिसावा लागतो. चार दिवस फोटो परत आले. हेडमास्तर बद्रीनाथ सरांनी तिला बोलावून घेतलं, काम जाईल म्हणून बजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि पदर तसाच ठेवला.

पाचव्या दिवशी मुकुल सर मोबाइल घेऊन रांगेपाशी उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, एक मिनिट चेहरा दिसू द्या. तुमच्याच भल्याचं सांगतो."

"एक हाये की तुमच्यापाशी. धुतलेला." ती खाली मान घालून वाढतच होती. "त्यो लावा. माहा न्हाई भेटायचा."

सर तसाच फोटो काढून वर्गात गेले. अंतराला त्यांनी बाहेर काढलं आणि स्वतः टॅब घेऊन बसले. पंधरा मिनिटांत सगुणाबाईच्या पदराच्या जागी तो बिनरेघेचा चेहरा नीट बसला, मानेचा रंगही जुळला. त्यांनी फोटो पाठवला.

तासाभरात मंजुरी आली. तेव्हापासून रोज येते.