मुंग्या पाहून दाढेला हात

“आदी परसात जाऊन या, मग तोंड उघडा.”

दाढ धरून आलेल्या प्रत्येकाला आमचे शेजारी हेच सांगत. दाढेचा आणि परसाचा संबंध काय, असे तुम्हीही विचाराल. धारूरच्या बाजारात नवखा माणूस विचारीच.

निजामाच्या अमलात आमच्याकडे दातांचा दवाखाना नव्हता, हे गृहस्थ होते. बारीक तारेने दाढेतली सडकी नस काढायची, पोकळीत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायचा, जागा कोरडी झाली की मेणाने बुजवायची, हा त्यांचा धंदा. पण त्याआधी रोग्याने परसातल्या दगडाशी लघवी करायची. मुंग्या आल्या की मधुमेह.

“मुंग्या लागल्या त्याच्या दाढेचं मूळ लवकर भरत न्हाई. वरून बुजवलं की आत पू.” अशांचा बोळा ते दर आठ दिवसांनी बदलत. असे महिनोन्‌महिने चाले, पण दाढ बुजवायची घाई करत नसत.

मुंग्या मोजायचे काम माझ्याकडे होते, कारण माझ्याजवळ खिशातले घड्याळ होते. पाव तास उभे राहून आकडा सांगायचा. पाचापर्यंतच्या मुंग्या वाट चुकलेल्या धरायच्या.

एकदा सिरसाळ्याचे एक पाटील भडकले. “ह्या माझ्या मुंग्या न्हाईत! माझ्या आधी जो गेलता, त्याच्या हायत!”

“मग त्यांलाच विचारा की, पाटील,” शेजारी म्हणाले.

मला मात्र हरकत रास्त वाटली. आम्ही सहा दगड मांडून त्यांवर चुन्याने आकडे घातले. दुसऱ्या दिवशी पाटील तीन नंबरला गेले. एकोणतीस मुंग्या. पाटलांनी बोळा ठेवून घेतला.

पुढे शेजाऱ्यांचीच खालची दाढ ठणकू लागली. ते परसातून आले आणि म्हणाले, “भाऊ, मोजा.”

सत्तेचाळीस.

“चुकलात तुमी.”

मी पुन्हा मोजल्या. तोवर बावन्न झाल्या होत्या.

“चार म्हना की. आपल्या दोघांतच हाय. माझा बोळा दर आठवड्याला कोन बदलनार?”

मी चार म्हणालो नाही. त्यांच्या बायकोने आरसा धरला आणि ते स्वतःच तार घालायला बसले. आरशात उजवे-डावे उलटते. दोनदा धडधाकट दाढच टोचली. शेवटी नस निघाली, आणि त्यांनी त्याच बैठकीत दाढ मेणाने बंद केली.

“आठ दिवस तरी थांबा,” मी म्हणालो.

“माझंच मूळ हाय. माझं ऐकंल.”

मुळाने ऐकले नाही. सहाव्या दिवशी गाल डोळ्यापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे ठरले. गाडीभोवती बोळेवाले तिघे रोगी काळजीने उभे होते. शेजाऱ्यांचा जबडा फडक्याने बांधलेला, त्यांना बोलता येईना. त्यांनी एकेकाकडे बोट करून त्याचा बोळा आणखी किती दिवसांनी बदलायचा तेवढी बोटे दाखवली. मग माझ्याकडे पाहिले आणि बोळा काढायचा आपला चिमटा माझ्या हातात दिला.

ते परत आले नाहीत. दवाखान्यातच गेले, असे गाडीवानाने येऊन सांगितले.

ठरल्या दिवशी पाटील माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी तोंड उघडले. जुना बोळा काढून नवा ठेवायला मला बावीस मिनिटे लागली.

पाटलांनी डोळे पुसले. “त्यांच्यापरीस लई दुखवता तुमी.”

“हो,” मी म्हणालो. “आता आठ दिवसांनी या.”