जवसाच्या तेलाचा हात

मी पुण्यात ज्या छोट्या कंपनीत होते, ती अणू एकमेकांत जोडून वीज काढायच्या खटपटीत होती. सूर्यात जे घडतं ते यंत्रात घडवायचं आणि ती वीज विकायची, असा बेत. बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या इकडं वैशाखात सूर्य कमी पडून राह्यला काय, का तुम्हाले अजून एक पाह्यजे?"

हिंगणघाटला बाबांचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. कापसाच्या जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. स्टेनलेसवर त्यांनी घातलेला जोड बोट फिरवून सापडत नसे, आणि याचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या कशाचाच नव्हता.

एका मीटिंगमध्ये मीच तोंड उघडलं. प्रयोगशाळेत वाटेल तेवढा खर्च करून एक नग होतो, पण वीज विकायची तर तोच नग साध्या वर्कशॉपात, स्वस्तात, पुन्हा पुन्हा व्हायला हवा. माझे वडील करतील, असं मी म्हणाले. साहेब हसले, पण एक नग करून बघा म्हणाले.

नग म्हणजे त्या यंत्रातला एक भाग, हातभर लांबीचा स्टेनलेसचा पोकळ नळ, आत बारीक खाचा. त्यातली हवा पूर्ण काढून घ्यायची असते. जोडातून हवेचा कणही शिरायला नको आणि आत बोटाचा ठसाही नको. मी घरी आठ दिवस राहून बाबांना सगळं दाखवलं. हातमोजे, पुसायचं रसायन, प्लास्टिकची पिशवी. तयार नगाला नेहमीसारखं कुंकू लावायचं नाही, हेही बजावलं. त्यांनी सगळं निमूट ऐकलं, याचंच मला नवल वाटलं होतं.

नग पुण्याला आला. गळतीच्या तपासणीत यंत्राचा काटा हललासुद्धा नाही. साहेबांनी चक्क माझी पाठ थोपटली. मग आतली ओल जावी म्हणून नग ओव्हनमध्ये तापवायला ठेवला, आणि तासाभरात मला घरचा वास आला. जवसाच्या तेलाचा.

बाबांच्या वर्कशॉपातून कुठलाही भाग कोरडा जात नसे. वरून कुंकवाचं बोट, आतून जवसाच्या तेलाचा हात. जिनवाल्यांचं लोखंड पावसाळ्यात गंजू नये म्हणून आजोबांनी सुरू केलेलं, पुढे त्याचा नेमच झाला. कुंकू मी बंद केलं होतं. तेलाचं मला सुचलंच नाही, आणि त्यांच्या लेखी तेल म्हणजे घाण नव्हतीच. तापल्यावर ते खाचांमध्ये वार्निशसारखं बसलं. नग वाया गेला. पुढची ऑर्डर परदेशातल्या कारखान्याला गेली.

नग नापास झाल्याचं मी आईला कळवलं, आणि त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. "काऊन नापास केला?"

आजोबांपासूनचा नेम, मायेनं फिरवलेला हात, त्यानंच घात केला हे मला सांगवेना. म्हणून मी म्हणाले, "जोड गळला, बाबा."

"असन," ते म्हणाले. "डोळे गेले असन माहे. नग तेवढा वापस पाठवजो."

महिन्याभरात त्यांनी वेल्डिंगचं मशीन विकून टाकलं. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचं वय झालं म्हणून विकलं असेल, असं मी म्हणाले. वर्षभरात आमची कंपनीही बंद पडली. यंत्र चालायला अजून किती वर्षं लागतील ते कोणालाच सांगता येईना, आणि गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. मी दुसरी नोकरी धरली. जोडाचं ते खोटं मी विसरूनही गेले होते, याची आज लाज वाटते.

परवा दिवाळीला घरी गेले. अंगणात दोन विटांवर तो नग उभा होता, खालचं तोंड बंद करून काठोकाठ पाण्यानं भरलेला. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. आतला तपकिरी थर त्यांना आमच्या ओव्हनचा वाटला होता.

"दोन वर्सं झाले, रोज सकाळी पाह्यतो," बाबा म्हणाले. "पेपर कोरडाच. कुठून गळते थे एकडाव दाखवून दे, बाई. माह्या एका जोडापायी तुमची कंपनी बुडाली, अन् मले थो जोडच सापडून नाई राह्यला."

मी तिथेच खाली बसले आणि सगळं सांगितलं. तेलाचं, वासाचं, फोनवरच्या खोट्याचं. कंपनी त्यांच्यामुळे बुडाली नाही, हेही.

"म्हणजे जोड पक्का होता?"

"पक्का होता, बाबा."

त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी नग आडवा केला, पाणी जास्वंदीच्या बुडाशी ओतलं आणि नळाची कड पंच्यानं पुसत राहिले.

"तेलाचं काय," ते म्हणाले, "थे तं मी एका दिवसात सोडलं असतं, बाई. मशीन काऊन विकाले लावली?"