भुलीच्या मॅडम

"थांबा! आधी नावं!"

ट्रॅफिक पोलिसासारखे दोन्ही हात वर करून आमच्या भुलीच्या मॅडम ओरडायच्या. पेशंट गाढ झोपलेला, सर्जननी सुरीसाठी हात पुढे केलेला, आणि या बाईंना नावं हवी असायची!

नवीन पनवेलात इमारतींमागून इमारती उठत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका छोट्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, मी सिस्टर होते. मॅडम पनवेलच्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. कुठल्याशा परिषदेहून त्यांनी एक छापील यादी आणली. पेशंट कोण, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं, हे सगळं मोठ्यानं बोलायचं. प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. शेवटी, "कुणाला काही सांगायचंय? बोला, बोला, मनातलं तोंडात येऊ द्या!"

आमचे सर्जन हाताचे जादूगार, पण जमदग्नी. तुम्हीही असे साहेब पाहिले असतील, ज्यांच्यासमोर खोकलासुद्धा दाबावा लागतो.

"मॅडम, इतकी वर्षं एकत्र काम करतोय. माझं नाव विसरलात?"

"मी कशी विसरेन, सर? पण ही सिस्टर तुमच्यासमोर तोंडच उघडत नाही. एकदा नाव सांगितलं की आवाज फुटतो. बोल गं!"

"सुनंदा," मी कसंबसं म्हटलं.

"अच्छा, सुनंदा," सर म्हणाले. तोवर मी त्यांच्यासाठी नुसती "ए सिस्टर" होते.

मग ते रोजचंच झालं. शेवटच्या प्रश्नाला सर मान न हलवता "नाही" म्हणायचे. मॅडम मात्र रोज तितक्याच आशेनं विचारायच्या, जणू आज लॉटरी लागणार आहे.

आणि एका सकाळी ती लागली!

जासईचा एक ट्रेलर ड्रायव्हर आला. पोटातला अल्सर फुटलेला. जवळपास सर्जन म्हणजे आमचे सरच; दुसरे मुंबईहून यायला निदान दोन तास, आणि पेशंटकडे तेवढा वेळ नव्हता. टेबलावर घेतला, भूल दिली, नावं झाली.

"कुणाला काही सांगायचंय?"

सरांनी सुरीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "मला सांगायचंय. आई आयसीयूत आहे. रात्रभर डोळा लागला नाही. हात ठीक आहेत, पण डोकं जड झालंय. माझं काही राहतंय असं वाटलं तर लगेच सांगा. कुणीही सांगा."

मास्कच्या वर मॅडमचे डोळे असे चमकले, काय सांगू!

"सांगणार, सर! सगळे सांगणार!"

त्या दिवशी आमची ओटी बोलत होती! मॅडम बीपी सांगत होत्या, असिस्टंट डॉक्टर प्रत्येक टाका बोलून दाखवत होते. भोक शिवून झालं, पोट धुऊन झालं. सरांनी पोट बंद करायला टाका मागितला. मी तो हातातच धरून ठेवला.

"सर, ड्रेन राहिला." आत साचणारं पाणी बाहेर काढणारी ती नळी.

सरांचा हात थांबला. "राहिलाच होता. थँक यू, सुनंदा."

थँक यू! आमच्या ओटीत!

बाहेर येताच मॅडमनी मला घट्ट मिठी मारली. "या अल्ला, ऐकलंस ना? सर स्वतः बोलले! स्वतः!" मग सगळ्यांसाठी जिलेबी मागवली, आणि पहिला तुकडा सरांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "आता आईंकडे जा. इथे आम्ही आहोत." पेशंट पुढे आपल्या पायांनी घरी गेला. सरांची आईही सावरली.

पुढे मॅडमच्या यजमानांना मस्कतला नोकरी लागली. निघायच्या दिवशी त्या भेटायला आल्या, तेव्हा आत ऑपरेशन रंगात आलं होतं. बाहेरच्या कपड्यांत आत येता येईना. दाराच्या गोल काचेला नाक लावून त्या उभ्या राहिल्या, हिरव्या ओढणीत, भराभर काहीतरी बोलत, हसत, डोळे पुसत.

"काय म्हणतायत मॅडम?" सरांनी मान वर न करता विचारलं.

"काही ऐकू येत नाही, सर."

सरांनी मान वर केली. दाराशी कुणी नव्हतं; काचेवर मॅडमच्या श्वासाची नुसती वाफ होती, आणि तीही विरत चालली होती.