बिनघोड्याचा सेनापती

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी तात्यांचे नाव घेतो. परळ-लालबागच्या चाळींत त्यांना सगळे तात्या शाहीर म्हणत. कोणी एखाद्या पुढाऱ्यावर पोवाडा करायला सांगितले, की तात्या उजवा हात मागे नेऊन स्वतःच्याच पाठीवर थाप मारत, मग तोच हात छातीवर आणत आणि विचारत, "जखम कुठं हाय? मागं का म्होरं? ते कळल्याबिगर मी लिवीत न्हाई. आन् ते कळायला मानूस आदी मरावा लागतो."

जिवंत माणसावर पोवाडा नाही, हा त्यांचा नियम. आमच्या खाणावळीच्या मालकाने एका गणपतीत फार हट्ट धरला. "तात्या, आमच्यावर चार ओळी होऊन जाऊ द्या की!" तात्या भात कालवत शांतपणे म्हणाले, "शेट, तुमी मरा. मग बघू." पुढे बरेच दिवस आमच्या वाटीतली आमटी पातळ येत राहिली, पण तात्यांनी कधी तक्रार केली नाही. नियमाची किंमत म्हणून ती आमटी ते पीत.

तात्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणत आणि पाळी सुटली की पोवाडे करत. त्यांच्या पोवाड्यांत राजे थोडे आणि सेनापती फार. "राजाला समदं जग गातं," ते म्हणायचे. "राजाच्या हुकमावर जो पुढं जातो, त्याला कोन गानार?" छापील अक्षर त्यांना नीट लागत नसे. म्हणून दादरच्या वाचनालयातून जुन्या लढायांची पुस्तके आणून वाचून दाखवणे हे माझे काम होते. मी वाचू लागलो की ते मध्येच थांबवत.

"त्याच्या घोड्याचं नाव काय व्हतं?"

"पुस्तकात नाही, तात्या."

"मग पुस्तक लिवनारा लढाईला गेलाच न्हाई."

मग घोड्याला नाव तात्याच देत. त्यांच्या एका सेनापतीची लढाईच्या आदल्या दिवशी दाढ दुखते. गालाला फडके बांधून तो तळावर फिरतो आणि शिपाई तोंड लपवून हसतात. चाळीच्या चौकात हे कडवे आले की बाया पदरात तोंड घालून हसत. पुढच्याच कडव्यात तोच सेनापती गालावरचे फडके सोडून ते एका जखमी शिपायाच्या पायाला बांधतो, तेव्हा चौकात एकदम शांतता होई. मी कॉलेजात इंग्रजी कविता शिकत होतो. सेनापतीची दाढ दुखलेली मला तिथे कुठे आढळली नाही.

कॉलेजात मी गेलो तोही तात्यांमुळेच. आमच्या तालुक्याच्या गावी मॅट्रिक होऊन मी मुंबईला आलो तो गिरणीत चिकटायला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी शाळेची शेवटची पायरी पाहिली नव्हती. तात्यांनी मला आपल्या खोलीत जागा दिली आणि दुसऱ्याच दिवसापासून मला 'बीए' म्हणायला सुरुवात केली. "ए बीए, जरा चहा सांग." "बीए, तुझा टावेल वाळला." खोलीतले सगळेच मग तसे म्हणू लागले. प्रवेश घ्यायला ते माझ्याबरोबर गिरगावात आले, तेही तुरेदार फेटा बांधून. खिडकीतल्या कारकुनाला वाटले, लग्नाची वरात वाट चुकली.

"पालक कोण?" त्याने विचारले.

"म्या," तात्या म्हणाले.

"नाते?"

तात्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "ह्यो माझा झीलकरी हाय," ते म्हणाले. कारकुनाने काय लिहिले, मला माहीत नाही.

तेव्हा मी झीलकरी झालोही नव्हतो. तो नंतर झालो. शाहीर पुढे उभा राहून ओळ म्हणतो आणि मागचे तिघे-चौघे तिचे शेवटचे शब्द उचलून 'जी जी रं जी' करतात, ते झीलकरी. तात्यांनी मला एकच धडा दिला. "झीलकऱ्यानं इचार करायचा न्हाई. शाहिरानं टाकलेला शबूद खाली पडाय नगं, तवर उचलायचा. इचार केलास की उशीर झाला." परीक्षा जवळ आली की ते डफ गोधडीत गुंडाळून जिन्यात बसत आणि मुका सराव करत. खोलीतला दिवा माझा असे.

आमच्या पथकात तुणतुण्यावर शिवराम होता. भायखळ्याला राहायचा. त्याची आई तिथल्या भाजीबाजाराच्या बाहेर मिरची-कोथिंबीर घेऊन बसे. शिवराम गिरणीत बदलीवर जायचा, काम मिळाले तर मिळाले. स्वभावाने इतका भित्रा, की डफावर जोरात थाप पडली तरी दचके. तात्या म्हणत, "शिवराम, तू लढाईत असतास तर घोड्याच्या आदी पळाला असतास." तो हसून म्हणे, "मी घोडं धरून पळालो असतो, तात्या. तुमास्नी बसाय आनलं असतं."

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, त्या गोळीबाराच्या दिवसांत शिवराम तालमीला येत असताना परळला गोळी लागून रस्त्यात पडला. तुणतुणे काखेतच होते. तात्या इस्पितळात गेले, त्याला पाहून आले आणि सरळ भायखळ्याला त्याच्या आईपुढे उभे राहिले. सगळी चाळ जमली होती. तात्यांनी आपला हात छातीवर ठेवला. "म्होरं हाय," एवढेच म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "म्या बघितलं. म्होरं हाय. आता त्याचा पोवाडा माझ्याकडं लागला."

तो पोवाडा तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. त्या दिवसांत आम्ही तो लालबागपासून गिरगावापर्यंत किती चाळींत गायलो, त्याला गणती नाही. त्याचा शेवट असा होता:

नाही घोडा, नाही पागा, नाही हाती तलवार,
काखेमधी तुणतुणं आणि छातीवरी वार,
असा सेनापती कोण? शिवराम भायखळेकर!

पहिल्यांदा ऐकल्यावर त्याची आई म्हणाली, "आमचं आडनाव ते न्हाई, तात्या."

"आता हाय," तात्या म्हणाले.

म्हातारी जमेल तिथे ऐकायला येई. 'असा सेनापती कोण' म्हटले की ती डोक्यावर पदर घेऊन उठून उभी राही, आरतीला राहावे तशी. मुलाचे नाव ऐकून मगच खाली बसे. हळूहळू लोकांनाही ते माहीत झाले. तिच्याबरोबर सगळा चौक उभा राहू लागला. एका भित्र्या तुणतुणेवाल्यासाठी परळ उभे राहिलेले मी पाहिले आहे. कवितेने काय होते, असे मला कोणी विचारले तर मी हे सांगतो.

शेवटी राज्य मिळाले. दादरला मोठ्या मैदानावर आनंदाची सभा ठरली आणि तात्यांच्या पथकाला बोलावणे आले. एवढे मोठे व्यासपीठ आम्हाला कधीच मिळाले नव्हते. सभेत एका साहेबांचा सत्कार होता. त्यांचे नाव लिहीत नाही. गोळीबाराच्या दिवसांत ते गप्प होते आणि आता पुढच्या खुर्चीत होते. मी त्याकडे लक्ष दिले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की आज शिवरामचे नाव लाउडस्पीकरवर जाणार.

सकाळी तात्या म्हणाले, "म्हातारीला आनू नगंस. लई गर्दी आसंल."

मला वाटले, तिची काळजी. म्हणून मी तिला लवकर घेऊन गेलो आणि पुढे, चाळीतल्या बायांजवळ बसवले. तिने हिंदमात्याच्या कापडबाजारातून घेतलेले नवे लुगडे नेसले होते.

तात्या त्या दिवशी फार चांगले गायले. शेवटचे कडवे आले. नाही घोडा, नाही पागा. म्हातारीने पदर सारखा केला आणि ती उभी राहिली. "असा सेनापती कोण?" तात्यांनी डफ उंच धरला आणि साहेबांचे नाव घेतले.

आणि आम्ही झील धरली. शब्द पडायच्या आत उचलायचा, हे मला त्यांनीच शिकवले होते. माझा आवाज लाउडस्पीकरमधून मैदानभर फिरून परत माझ्याच कानावर आला, तेव्हा मला कळले की मी कोणाचे नाव घेतले. बाकी ओळ तशीच होती. छातीवरी वार, तोही तसाच. साहेबांच्या छातीवर हार होते.

टाळ्या थांबल्या, पुढचे भाषण सुरू झाले, तरी म्हातारी उभीच. मागून कोणी ओरडले, "ए आजी, बस की खाली, दिसत नाय!" ती मागे वळून म्हणाली, "बसते रं बाबा. माझ्या पोराचं नाव येऊ दे, मग बसते." हे मला शेजारच्या बाईंनी नंतर सांगितले.

तिला घरी सोडायला मी गेलो. भायखळ्याला जिना चढताना ती म्हणाली, "तात्यांचा गळा बसला व्हता, न्हवं? शेवटचं ऱ्हाऊन गेलं आसंल." मी हो म्हटले. मग तिने विचारले, "पुन्हा कधी म्हनतील?"

दुसऱ्या दिवशी खोलीत मी तात्यांना तेच विचारले. ते विडी न पेटवता बोटांत फिरवत बसले होते.

"पोवाडा माझा हाय, बीए," ते म्हणाले. "एक नाव बदललं म्हून डफ फुटतो व्हय?"

"जिवंत माणसावर पोवाडा नाही, असं तुम्हीच म्हणत होता."

"म्हनत व्हतो." त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. "साच्यावर उभं ऱ्हावत न्हाई मला आता. छातीत निस्ता कापूस हाय. साहेब त्यांच्या पथकात घेत्यात. गाडीतनं गावोगाव जायचं, बसून गायाचं. तू बीए होशील. मी काय व्हनार?"

त्यांनी पाठ दाखवली, असे मी त्या दिवशी मनात म्हटले. पण तो खोकला मी रोज ऐकत आलो होतो. त्यांची जखम मागची की पुढची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. फसवणूक मात्र ठरलेली आहे. म्हातारीची झाली, शिवरामची झाली आणि ज्याला त्यांनी विचार करायचा नाही असे शिकवले, त्याचीही झाली.

मी पथक सोडले. तात्यांनी खोली सोडली. जाताना ते कोनाड्यातला दिवा पुसून, वात नीट करून गेले. पुढे त्यांचा आवाज गेला, साहेबांच्या गाडीत जागा राहिली नाही आणि ते गावी परतले, असे आमच्या पथकातल्या ढोलकीवाल्याने सांगितले. माझा निकाल लागला, त्या दिवशी मी त्यांना गावच्या पत्त्यावर पत्र टाकले. उत्तर आले नाही. पत्रही परत आले नाही. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ते गेल्याचे कळले. पत्र त्यांना कोणी वाचून दाखवले असेल की नाही, याचा विचार मी पुष्कळ केला. त्यांना अक्षर लागत नसे आणि वाचून दाखवणारा मी होतो. पत्राचा कच्चा मसुदा माझ्यापाशी राहिला. तो असा:

तीर्थस्वरूप तात्यांस साष्टांग नमस्कार वि. वि.

मी बी.ए. पास झालो. आमच्या घरातला पहिला. वडिलांना तार केली, पण आधी तुमची आठवण झाली. तुम्ही फेटा बांधून त्या खिडकीशी उभे राहिला नसता, तर मी आज साच्यावर असतो. हे मी जन्मात विसरणार नाही. दुसरी गोष्टही विसरणार नाही, तिच्याबद्दल पुन्हा लिहीत नाही.

दर रविवारी मी भायखळ्याला जातो. शिवरामची आई थकली आहे, पण बाजारात बसते. मी गेलो की विचारते, तात्यांचा गळा सुटला का? मी अजून नाही म्हणतो. तुमच्याबद्दल मी तिला काही सांगितलेले नाही.

तात्या, एकदा या. मैदान नको, लाउडस्पीकर नको. तिच्या दारात उभे राहा आणि शेवटची ओळ म्हणा. आवाज नसला तरी चालेल, नुसते नाव टाका. ते खाली पडू देणार नाही. झील धरायला मी आहे.

तुमचा,
बीए