दुसऱ्या डिस्कवरची एक फाइल

माझा स्वभाव तापट आहे, हे घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. सुनेने मात्र ते कधी फारसं मनावर घेतलं नाही.

निवृत्तीनंतर मी एकच काम धरून बसलोय. सातपुड्यातल्या शाळांवर नोकरीला असताना मी पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलणाऱ्या माणसांकडून शब्द गोळा केले, आधी कॅसेटवर, मग मोबाइलवर. ते सगळे आवाज घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि बोलणाऱ्यांतली बरीच माणसं आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक करायला लागली.

सून म्हणाली, आत दुसरी डिस्क बसवू आणि सगळं तिच्यावर उतरवून घेऊ. मी म्हटलं, दुकानात नेऊ. ती म्हणाली, रस्त्यात हादरे बसून आहे तेही जाईल. तिच्या वडिलांचं तळोद्याला किराणा दुकान. तिथला वजनकाटा असो की पंखा, बिघडला की ही उघडून बसायची. तरी तिने कॅबिनेटचं झाकण काढलं तेव्हा नाक खुपसायला मी हजर होतोच.

पण काम पाहत राहावं असं होतं. आधी तिने प्लग काढला, जुन्या जोडण्यांचा फोटो घेतला, रंगाच्या ब्रशने धूळ झाडली. अंगातली वीज उतरावी म्हणून हात कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवून मगच नवी डिस्क चंदेरी पिशवीतून काढली, रिकाम्या कप्प्यात सरकवली, स्क्रू आवळले, दोन केबली लावल्या. नवी डिस्क फॉरमॅट करायची वेळ आली, तेव्हा पडद्यावर दोन्ही दिसत होत्या. चुकून जुनीवर बोट पडलं असतं तर सगळंच संपलं असतं. तिने मला दोन्हींची नावं मोठ्याने वाचायला लावली, एकदा नव्हे, तीनदा. मी वैतागलो, पण मनात म्हटलं, बाई पक्की आहे.

दिवसभर फायली उतरत होत्या. संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माहेरच्या अहिराणीत म्हणाली,

"बाबा, समदं उनं. एक फाइल नही उनी. चार डाव करी दखं. गई ती."

धडगावकडच्या एका पाड्यावरच्या बाईचा आवाज होता त्या फाइलमध्ये. मी घर डोक्यावर घेतलं. तुला कुणी सांगितलं होतं हात घालायला, दुकानात नेलं असतं तर वाचली असती, असं बरंच बोललो. मग माझी मलाच लाज वाटली. शेकडो फायलींतली एक कमी आहे, हे मला कधीच कळलं नसतं. ती गप्प बसली असती तर मी तिचं कौतुकच करत राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला तळोद्याला नेऊन त्या पाड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं, स्वतःही बसली. फाइलमधली ती बाई हयात होती, पार थकलेली, पण कान शाबूत. सुनेची पावरी वडिलांच्या दुकानाच्या गल्ल्यावर गिऱ्हाइकांशी बोलून झालेली, माझ्यापेक्षा कितीतरी मोकळी. मी वही उघडून नेहमीचंच विचारायला लागलो, नांगर, बी, पाऊस. म्हातारी कंटाळून उत्तरं देत होती. सुनेने मध्येच बाळंतपणाचं काहीतरी विचारलं. म्हातारीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दाराकडे बोट केलं.

मी बाहेर खाटेवर जाऊन बसलो. आतून हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ हलकं बोलणं, मग कुणीतरी रडत होतं. दोघींतलं कोण ते कळलं नाही. इतकी वर्षं शब्द गोळा केले, पण बायकांना त्यांचे शब्द विचारावेत हे मला सुचलंच नव्हतं. विचारले असते तरी मला कुणी सांगितले नसते.

परतताना मी तिने मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकायला मागितलं. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला.

"ती फाइल तुमनाकरता नही शे, बाबा. म्हातारीनीच सांगेल शे."

ती फाइल आता नव्या डिस्कवर आहे. सकाळी कॉम्प्युटर लावला की ती जागेवर आहे ना, तेवढं मी पाहतो, आणि न उघडता माझ्या कामाला लागतो.