मिरचीच्या कडेची वाट

ताईच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी बाजार समितीत ओल्या मिरचीच्या भावावरून एकाशी भांडत होतो. माझं भांडण फोनसाठी थांबत नाही, हे साऱ्या नंदुरबारला माहीत आहे. त्या दिवशी थांबलं. "मामा, आई उठी नही ऱ्हायनी," इतकंच ती म्हणाली. माझी बहीण उजाडल्यावर अंथरुणात असलेली मी कधी पाहिली नव्हती. समोरच्याने मागितलेला भाव कबूल केला आणि निघालो...

आमची आई पथारीवर मिरचीचे देठ खुडायची. पथारी म्हणजे ओली लाल मिरची उन्हात पसरून वाळवायचं मोकळं मैदान. पथारीवर पाऊल टाकायचं तर चप्पल कडेला काढायची, हे आम्हा दोघांना चालायला लागलो तेव्हापासून ठाऊक. पुढे मी हातगाडी ओढता ओढता व्यापारी झालो, ताई शिकून कोरीटच्या शाळेत मास्तरीण झाली. भाऊजी गेल्यावर ती माझ्या पथारीला लागून असलेल्या घरात राहायला आली. पंचेचाळिशी उलटली होती, साखर वाढली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून पहाटे पथारीच्या कडेने चालायची. एके दिवशी पाहतो तर ती धावत होती. थंडीचे दिवस, जमिनीलगत धुकं. धुक्याखाली लाल मिरची दिसत होती आणि वर ताई, पाय नसल्यासारखी, तरंगत चालली होती. मिरचीच्या ठसक्याने आम्ही सगळे खोकत होतो. ती खोकत नव्हती. मला वाटलं, अजून झोपेतच आहे मी.

मग तिने पथारीतून धावायला वाट मागितली. पथारीवरची वीतभर जागासुद्धा मी कोणाला फुकट दिलेली नाही. "एक हात रुंद देसू," मी म्हणालो.

"कोपर लागस भाऊ," ती म्हणाली, आणि दोन्ही कोपरं बाहेर काढून उभी राहिली. मी दीड हात म्हणालो, पावणेदोन म्हणालो, ती तशीच उभी. शेवटी मीच चुन्याच्या दोन रेघा मारल्या, तिच्या कोपरांच्या मापाने. तोवर आयुष्यात हरलेला माझा तो एकच सौदा.

सुरुवातीला कोरीटच्या रस्त्यावर बाया विचारायच्या, "बाई, मांगे कुत्रं लागनं का?" नवापूरच्या पहिल्या शर्यतीत ती सलवार-कुडत्यात धावली आणि पोचली तेव्हा मंडपवाले कनाती सोडत होते. मग मास्टर्स, म्हणजे वयस्कांच्या गटात नाशिक झालं, पुणे झालं. पदकं यायला लागली. ती धान्याच्या कोठीला टांगायची आणि विसरून जायची. मीच बाजारात सगळ्यांना सांगत फिरायचो.

आता माझी तक्रार सांगतो. ताई गेली म्हणून मी ती सोडलेली नाही. गेल्या वर्षी राज्याची शर्यत इकडेच तापीकाठच्या रस्त्यावर होती. पहिल्या येणारीला देशपातळीवर जायला मिळणार होतं. ताईला ते किती हवं होतं, ते मला माहीत आहे... झोपेत तिचे पाय हलायचे, सून सांगायची. शेवटच्या वळणापर्यंत तीच पुढे होती. वळणापलीकडे कोणीतरी अख्ख्या रस्त्यावर मिरची वाळत घातलेली. ताई थबकली, रस्ता सोडून शेतात उतरली आणि काळ्या ढेकळांतून वळसा घालून वर आली. मागची बाई बुटांनिशी मिरचीवरून सरळ निघून गेली. ताई दुसरी.

मी आयोजकांशी आवाज बसेपर्यंत भांडलो. रस्ता मोकळा ठेवणं कोणाचं काम? ते म्हणाले, दुसरी ती दुसरी. घरी येताना गाडीत ताईवर उखडलो. "आपला बापनी मिरची व्हती का ती?"

"कोन्या तरी बाईनी पसरेल व्हती. बूट घालीसन कसं जाऊ?" आणि मग हसून, "तू मिरचीना व्यापारी शे, अन् मालेच इचारस? पुढला साल परत पयसू."

बाजारात लोक मला चिडवायचे, "शेठ, तुमी आधीच जाईसन रस्ताना सौदा करी लेता ना." मी बरेच दिवस तिच्याशी धड बोललो नाही. ती पहाटे धावत राहिली, पुढच्या सालासाठी.

ती गेल्यानंतर ओल्या मिरचीचा नवा माल उतरला. पथारीचं काम बघणारी सुरमीबाई म्हणाली, "शेठ, आते ती वाट भरी टाकूत का?" जागेची चणचण होतीच. मी म्हणालो, भर. संध्याकाळी पाहिलं तर मिरची चुन्याच्या रेघांपर्यंत आणि वाट रिकामी. मी ओरडलो. "भरसूत शेठ, सकाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही ओरडलो, तिसऱ्याही. रोज तेच उत्तर, उद्या. मला असं टोलवणारं माणूस मी कामावर ठेवत नाही.

काल पहाटे धुक्यात गेलो. चप्पल कडेला काढली आणि त्या वाटेवर कोपरं बाहेर काढून उभा राहिलो. दोन्ही बाजूंना लाल मिरची, एकही कोपराखाली येत नव्हती. लांबून सुरमीबाई पाहत होती. आज ओरडायला गेलो नाही.

ताई पहिली आली असती, हे मी अजून म्हणतो. तिथे उभा राहून मोठ्याने म्हणालोही... आणि मग मिरचीच्या कडेकडेनेच परत आलो.