चूक सापडावी म्हणून

समुद्राच्या पातळीचा अभ्यास करणाऱ्या त्या बाई करंजाड्याला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एकदाच आल्या. साठीच्या असाव्यात. पनवेलच्या खाडीवरून थेट आल्यामुळे साडीच्या काठाला चिखल होता. त्यांचं नाव मला गोंगाटात ऐकूच आलं नाही.

खाडीचं पाणी हळूहळू वर सरकतंय, असं त्यांनी सांगितलं आणि लोक उसळले.

"मागे तुम्हा शास्त्रज्ञांनीच मुसळधार पाऊस सांगितलात, शाळा बंद झाल्या आणि दिवसभर कडक ऊन!"

"आमच्या फ्लॅटचे भाव पाडायचेत यांना!"

बाईंनी कुणाचंच बोलणं मध्ये तोडलं नाही. बोलणाऱ्याकडे पूर्ण वळून त्या ऐकत राहिल्या. शेवटी खाडीकाठच्या गावातले एक म्हातारे शेतकरी उठले.

"बाई, तुमी चुकल्या तर?"

बाईंनी माइक खाली ठेवला. "तर पेढे वाटीन, काका. इतकी वर्षं मी माझ्याच कामात चूक शोधतेय. ती सापडावी असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल."

म्हातारे अजून उभेच होते.

"आमच्या बांधावरनं भरतीचं पानी आत येतंय," ते म्हणाले. "पयले येत नवतं. कुनाला बोललो नाय."

आता बाई जिंकल्या, असं मला वाटलं. पण त्यांनी डोळे मिटून घेतले. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं एवढं दुःख मी कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.